मळका पिवळा पहिला

मी संशयी आहे असं सासरचे सगळे म्हणतात. मी म्हणते, मी बघते. बाकीचे नुसते डोळे उघडे ठेवून फिरतात. शिवाय बघण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे या बाबतीत मला कुणी शिकवायला जाऊ नये.

काम काय ते सांगते. लोकांच्या फोनवर गप्पांचे गट असतात. घरच्यांचा एक, ऑफिसचा एक, शाळेतल्या मैत्रिणींचा एक. सगळे दिसायला सारखे. मग नवऱ्यासाठी लिहिलेलं साहेबाला जातं आणि साहेबाविषयी लिहिलेलंही साहेबालाच जातं. आमच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक गटामागे वेगळं बॅकग्राउंड येतं, म्हणजे कुठे लिहितोय ते माणसाला बोट टेकवण्याआधी कळावं. ही बॅकग्राउंडं कुणी हातानं काढत नाही. कॉम्प्युटर लाटा काढतो, त्रिकोण काढतो, ठिपके काढतो, सांगाल तेवढे. पण रंग त्याच्यावर सोडले की सगळीकडे निळसर काहीतरी ओतून ठेवतो. म्हणून रंगांचे संच मी निवडून देते, एका संचात पाच रंग. अट एकच, कुठलीही दोन चित्रं शेजारी ठेवली तर ती एका नजरेत वेगळी वाटली पाहिजेत. नीट पाहिल्यावर वेगळी वाटली तर उपयोग नाही. फोनकडे नीट कोण पाहतं?

आमचं ऑफिस एका चपलांच्या दुकानावर आहे. माझ्या खोलीच्या भिंती राखाडी, खिडकीला राखाडी पडदा, आणि मीसुद्धा कामाला बसताना राखाडीच घालते, कारण लाल कुडता घातला तर त्याची झाक स्क्रीनवर पडते आणि रंग फसवतो. नणंद एकदा म्हणाली, "वहिनी, तू रंगांचं काम करतेस आणि दिसतेस मात्र धुक्यातून आल्यासारखी." तिला म्हटलं, आचारी कुठे रोज पक्वान्नं खातो.

आठवड्यातले बरेच दिवस मी घरून काम करते. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, मागे खिडकीला अडकवलेली राखाडी चादर. नवरा दवाखान्यात एक्स-रे काढतो. त्याची पाळी जरा उशिरा सुरू होते, म्हणून सकाळचा चहा तो करतो. आणि इथे माझ्या कामातली एक गोष्ट आहे जी ऑफिसमध्ये कुणाला ठाऊक नव्हती. माझे संच पास करायचा तो.

हा माणूस आयुष्यभर काळं-पांढरं बघत आला. रंगांच्या बाबतीत त्याची नजर अगदी कोरी. मी दोन चित्रं शेजारी लावून ठेवायची. तो कप ठेवायला वाकला की त्याची नजर स्क्रीनवर पडणार, तेवढ्यात त्यानं सांगायचं, "वेगळे" किंवा "एकच". विचार करायचा नाही, मान तिरकी करायची नाही, आणि माझं तोंड बघून तर मुळीच सांगायचं नाही. मी सकाळभर मोजमाप करून निवडलेलं असायचं आणि हा कपाची दांडी माझ्याकडे वळवत म्हणायचा, "एकच." मी चिडायची, चार शब्द सुनावायची, आणि रंग बदलायची. तो कधी चुकला नाही. ऑफिसला पाठवताना मी फक्त 'चाचणी झाली' एवढंच कळवायची. दिवसभरात मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर ते त्याचं असं वाकून बघणं. त्याला हे मी कधी सांगितलं नव्हतं, पण तुम्हाला सांगते.

आता माझा दीर. त्याला सगळे धाकटाच म्हणतात. त्याची आधीची नोकरी गेली तेव्हा तो एक अख्खा उन्हाळा माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचा. हे काम मी त्याला शिकवलं. हुशार, पण स्वतःचं डोकं चालवायचा कंटाळा. सांगितलेलं तंतोतंत करणार, त्यापलीकडे एक पाऊल टाकणार नाही. पुढे त्याला दुसऱ्या एका कंपनीत याच कामाची नोकरी लागली. त्यांचं अ‍ॅप रोजच्या नोंदींचं, पण त्यांनाही अशीच बॅकग्राउंडं लागतात. दोघा भावांचं गूळपीठ. रोज संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर हा फोन घेऊन गॅलरीत जाणार आणि दार लावून घेणार. विचारलं तर म्हणायचा, डास आत येतात.

एका रविवारी धाकटा घरी आला आणि बसायच्या आधीच फोन माझ्यासमोर धरला. "वहिनी, हे बघा. आमचा नवा संच. आजच आलाय लोकांच्या फोनवर."

मी बघितलं. मळका पिवळा. त्याच्या शेजारी जांभळ्या वांग्याच्या सालीसारखा रंग. मग समुद्री हिरवा, मग विटकरी, मग शाईचा निळा. माझाच संच होता. पाचच्या पाच, त्याच क्रमानं. माझा लोकांच्या फोनवर जायला अजून आठवडा होता.

"छान आहेत," मी म्हणाले.

"आवडले ना तुम्हाला?" तो एवढा खूश झाला की मला त्याच्या धीटपणाचं आश्चर्य वाटलं. चोरी करावी आणि ज्याच्याकडे केली त्यालाच दाखवायला आणावी. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणतात ते हेच.

नवरा आतून पाण्याचे ग्लास घेऊन आला आणि म्हणाला, "काय, वहिनीनं पास केलं का?" दोघं हसले. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आता एखादी रडकी बाई असती तर तिथेच तोंड सोडून मोकळी झाली असती. मी तशी नाही. मी आधी हिशोब मांडला. ऑफिसातून रंग बाहेर जाणं शक्य नव्हतं, माझ्या कॉम्प्युटरला तिथे दुसरं कुणी हात लावत नाही. राहिलं घर. घरात माणसं दोन. त्यातली एक मी. आणि दुसरं माणूस रोज सकाळी वाकून स्क्रीनकडे बघतं आणि रोज संध्याकाळी दार लावून भावाशी बोलतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला घालायचा?

त्या आठवड्यात मी कपडे वाळत घालायचं निमित्त करून गॅलरीत गेले. मला बघताच त्याचं बोलणं थांबलं. "काही नाही," तो म्हणाला, "त्याच्या ऑफिसचं चाललंय." त्याच्या ऑफिसचं. म्हणजे स्वतःच्या तोंडानं कबूल. मी चिमटे लावले आणि मूग गिळून आत आले.

संशयाचं एक बरं असतं, एकदा घरात घेतला की त्याला खायला काही वेगळं घालावं लागत नाही, दिसेल ते त्याला चालतं. नवरा चहा लवकर घेऊन आला तरी मला वाटायचं, घाई कसली? उशिरा आला तर वाटायचं, मी पुढचा संच लावायची वाट बघत होता. "वेगळे" म्हणाला तरी मी त्याच्या डोळ्यांकडे बघायची, किती वेळ ते स्क्रीनवर राहतात ते. पूर्वी मीच त्याला म्हणायची की पटकन बघ. आता तो पटकन बघायचा आणि मला वाटायचं, याला सवय झालीय, एका झटक्यात टिपून घेतो.

मग मी सापळा लावला.

पुढचा संच नेहमीच्या पद्धतीनं तयार केला. पाच रंग आले, त्यातला चौथा एक सुरेख दालचिनी तपकिरी होता. तो काढून टाकला आणि त्याच्या जागी, पाणी बदलायचं विसरलेल्या फुलदाणीच्या तळाशी जो असतो तो हिरवा घातला. शहाणा माणूस असा रंग स्वतःहून निवडणार नाही. हा धाकट्याच्या फोनवर दिसला की चोर सापडला. स्क्रीन उघडी ठेवली, खुर्ची टेबलाला तिरकी लावली आणि अंघोळीला गेले. डोक्यावरून निवांत पाणी घेतलं. आले तर टेबलावर चहा होता आणि खुर्ची सरळ झाली होती. खुर्ची सरळ न करता चहा ठेवता आला नसता हेही मला दिसत होतं, पण त्या दिवसांत मला जे दिसायचं त्यातलं सोयीचं तेवढंच मी ठेवून घ्यायची.

काही दिवसांनी धाकट्याच्या कंपनीचा नवा संच आला. मी वाटच बघत होते. पहिला रंग माझा. दुसरा माझा. तिसरा माझा. पाचवा माझा. आणि चौथा तो कुजका हिरवा नव्हे. चौथा होता मी काढून टाकलेला दालचिनी तपकिरी.

इथे कुणाचंही डोकं ठिकाणावर आलं असतं. जो रंग स्क्रीनवर राहिलाच नव्हता तो त्यांच्याकडे गेला कसा, एवढंच विचारायचं होतं. मी उलटं धरलं. मी म्हटलं, म्हणजे हा सापळ्याच्या आधीपासूनच बघत होता. मी रंग काढायच्या आत यानं तो टिपला होता. केवढा पोचलेला माणूस, आणि आपण इतकी वर्षं याला भोळा समजत होतो. सापळा रिकामा निघाला म्हणून चोर मोठा ठरला. त्या रात्री मला त्याच्या शेजारी झोपावंसं वाटलं नाही, आणि घरात दुसरी खोली असती तर मी गेलेही असते.

तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं. आमच्या मॅडम मालकीण आहेत. फार बोलत नाहीत, पण कागदावरचा ठिपकासुद्धा शाईचा की माशीचा हे लांबून सांगतात. त्यांच्यासमोर दोन फोन होते, एकावर आमची बॅकग्राउंडं, दुसऱ्यावर धाकट्याच्या कंपनीची.

"लोक लिहून कळवायला लागलेत," त्या म्हणाल्या, "की आपण त्यांची नक्कल करतो. त्यांची आधी आलीत, आपली नंतर. तुझं काय म्हणणं आहे?"

"मी नक्कल केलेली नाही."

"ते मला माहीत आहे. मग इथून काहीतरी तिथे जातंय. तुझी स्क्रीन तुझ्याशिवाय कोण बघतं?"

मला 'कुणी नाही' म्हणता आलं असतं. 'घरी जाऊन विचारते' म्हणता आलं असतं. पण इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं ओझं कुणीतरी स्वतःहून घ्यायला पुढे आलं होतं. मी म्हणाले, "माझा नवरा बघतो. आणि त्याचा भाऊ त्या कंपनीत आहे."

सापळ्याचंही सांगितलं, जरा अभिमानानंच. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. आता तू जा. मी बघते." जिना उतरताना मला खरोखर हलकं वाटत होतं. घरी मी ताकास तूर लागू दिली नाही. संध्याकाळी तो गॅलरीत गेला, दार लावलं, दारामागून त्याचं हसणं ऐकू आलं. मी मनात म्हटलं, हसून घे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला तेव्हा त्यानं गॅलरीचं दार लावलं नाही. उभ्या उभ्या ऐकत राहिला. मग आत आला आणि माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसला.

"धाकट्याला घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय."

"कसली चौकशी?" मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू मला विचारतेस?"

मी टेबल पुसायला घेतलं.

"तुझ्या मॅडमनी त्याच्या मालकाला फोन केला. माझ्या हातून तुझं काम तिकडे जातं म्हणे. हे त्यांना कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं. खोटं काय त्यात? तू रोज बघतोस. रोज त्याच्याशी बोलतोस. त्यांच्याकडे माझे रंग जातात, एकदा नाही, दोनदा."

"मी रंग सांगतो त्याला?"

"मग कोण सांगतं?"

तो म्हणाला, "अगं, सकाळी तू काय घातलं होतंस ते मला संध्याकाळी आठवत नाही. मी पाच पाच रंग पाठ करून फोनवर सांगीन? कसे सांगीन? मला त्यांची नावंसुद्धा येत नाहीत."

"ते मला माहीत नाही. फोटो काढता येतो."

हे मी बोलून गेले. फोटोचा विचार तोवर माझ्या मनातही आला नव्हता. त्यानं आपला फोन काढला, टेबलावर माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "बघ."

मी बघितला नाही. बघितला असता तर बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही.

"मला विचारायचंस," तो म्हणाला. "एकदा विचारायचंस फक्त."

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास."

"हो. कारण नाहीच."

तो उठला आणि कुकर लावायला गेला. भांडी आपटली नाहीत, आवाज चढवला नाही. त्यानं काहीतरी आपटलं असतं तर मला भांडता आलं असतं.

चौकशी धाकट्याच्या ऑफिसात ठेवली होती. मॅडम आणि मी, तिथले मालक, आणि धाकटा. चार दिवसांत त्याचा चेहरा उतरला होता, पण मला बघून तो खुर्चीवरून उठला. त्यांच्या मालकांनी त्याला सांगितलं, "तू कसं काम करतोस ते सगळं आमच्यासमोर करून दाखव. पहिल्यापासून."

त्यानं स्क्रीनवर रंगांचं चाक उघडलं. आधी फिके रंग गाळले, कारण त्यांच्यावर पांढरी अक्षरं दिसत नाहीत. मग अगदी गडद गाळले, कारण फोन बंद पडल्यासारखा वाटतो. ही दोन्ही कारणं मीच त्याला सांगितली होती. मग त्यानं एक रंग धरला, मळका पिवळा.

"हाच का?" मालकांनी विचारलं.

"वहिनींनी शिकवलं तसं," धाकटा म्हणाला. "हा कुणाशी पटवून घेत नाही. रुसक्या पाहुण्याला आधी बसवावं, मग बाकीचे सरकून घेतात. एकदा हा बसला की त्याच्यापासून सगळ्यात लांबचा रंग कॉम्प्युटरला विचारायचा. मग त्या दोघांपासून सगळ्यात लांबचा. मग तिघांपासून."

तो बटण दाबत गेला. वांग्याचा आला. समुद्री हिरवा आला. विटकरी आला. शाईचा निळा आला.

"पुढच्या संचाला चाकावर ठरावीक घरं पुढे जायचं आणि परत तेच," असं म्हणून त्यानं पुढचा संच काढला. चौथ्या जागी दालचिनी तपकिरी येऊन बसला.

कुणी चोरलं नव्हतं. चोरायची गरजच नव्हती. गाळायचे रंग ठरलेले, सुरुवात ठरलेली, आणि पुढचं सगळं 'सगळ्यात लांबचा कोण' एवढ्या एका प्रश्नावर. त्या प्रश्नाला उत्तर एकच असतं, माझ्या टेबलावर विचारा नाहीतर दुसऱ्या शहरात जाऊन विचारा. एकमेकांपासून जितके वेगळे रंग शोधायला जाल तितके दोघांना सापडणारे संच सारखे. हे मला कळायला हवं होतं. ती पद्धत माझी होती, रुसक्या पाहुण्याचं वाक्यसुद्धा माझं होतं, आणि धाकट्यानं ते त्या उन्हाळ्यापासून जपून वापरलं होतं. त्याचं कामच तसं, सांगितलेलं तंतोतंत करणार. साप साप म्हणून मी भुई धोपटत बसले होते, आणि भुईसुद्धा माझीच.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "तो चौथा तू काढून टाकला होतास ना? मग स्क्रीनवर नसलेला रंग यांना कसा मिळाला, एवढंही तुझ्या मनात आलं नाही?"

"आलं नाही," मी म्हणाले.

"आणि नवऱ्याचं नाव आलं."

त्यांच्या मालकांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला, उद्यापासून ये म्हणाले. पुढे कुणी कुठल्या रंगापासून सुरुवात करायची ते मॅडमनी आणि मालकांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. मळका पिवळा माझ्याकडे राहिला. मला तो नको होता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

धाकटा मला खालपर्यंत सोडायला आला. मी म्हणाले, "भावजी, मी..."

"जाऊ दे, वहिनी," तो म्हणाला. "मला एकच वाटतं. त्या रविवारी मी फोन दाखवला ना, तेव्हा मला वाटलं तुम्ही ओळखलंत. तुम्हीच शिकवलेलं आहे हे. तुम्ही छान म्हणालात तेव्हा मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की वहिनींनी ओळखलं."

मी रिक्षा न करता चालत घरी आले. वाटेत रडून घेतलं, कारण घरी रडले असते तर नवऱ्यालाच माझी समजूत काढावी लागली असती, आणि तेवढी लाज मला होती.

त्याची माफी मागितली. आडून आडून नाही, सरळ समोर बसून. मी चुकले, तुझ्यावर संशय घेतला तो एक गुन्हा आणि तुला न विचारता बाहेर बोलले तो दुसरा, आणि दुसरा मोठा. तो म्हणाला, "झालं गेलं. धाकट्याची नोकरी राहिली ना, बास." तो असाच आहे. धरून ठेवणारा नाही. त्याच आठवड्यात आम्ही धाकट्याकडे जेवायला गेलो. जाऊबाईंनी माझ्या पानात काही कमी पडू दिलं नाही, फक्त एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. येताना नवऱ्यानं नेहमीसारखी त्यांच्या सोसायटीतल्या पार्किंगवरून चेष्टा केली आणि मी हसले. मला वाटलं, सुटलो.

सकाळी चहा आला. पण खोलीत यायच्या आधी तो दारात खोकला. मग कप टेबलावर न ठेवता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, कॉम्प्युटरच्या मागे, जिथून स्क्रीन दिसत नाही. मी म्हणाले, "अरे, इथे ठेव की."

"तिथे सांडेल," तो म्हणाला. इतकी वर्षं कधी सांडला नव्हता.

मी म्हणाले, "हे बघ ना जरा. वेगळे वाटतात?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"कळायचं काय आहे? नुसतं बघायचं."

तो आला. बघितलं असावं. "वेगळे," म्हणाला आणि गेला. मला एवढा आनंद झाला की मी तो संच तसाच पाठवून दिला. पुढचाही. त्याच्या पुढचाही. रोज मी हाक मारायची, रोज तो यायचा, रोज म्हणायचा, "वेगळे." 'एकच' हा शब्द त्याच्या तोंडून ऐकू येईनासा झाला. मी स्वतःला सांगितलं, माझं काम सुधारलं असेल.

मग मॅडमचा फोन आला. "हे दोन शेजारी ठेवून बघितलेस का? मला तर एकच वाटतात. माझ्या ड्रायव्हरलाही एकच वाटले. चाचणी झाली म्हणून लिहिलंयस."

"झाली होती," मी म्हणाले.

त्या दिवशी मी ते दोन संच बराच वेळ बघत बसले. मी इतकं बघितलं होतं की माझ्या डोळ्यांना त्यातलं काही सांगता येत नव्हतं. म्हणून तर दुसरं माणूस लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात कप वाजले तेव्हा मी एक चित्र उचललं आणि डावीकडे लावलं. उजवीकडेही तेच लावलं. तेच, त्याच लाटा, तेच पाच रंग. आंधळ्यालाही कळावं असं.

तो खोकला. आत आला. कप कट्ट्यावर ठेवला.

"इकडे ये ना. वेगळे आहेत का सांग."

तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे खिडकीवरच्या राखाडी चादरीवर होते, आणि चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं, दवाखान्यात पेशंटशी बोलताना असतो तसा शांत चेहरा होता.

"हो, वेगळे आहेत," तो म्हणाला. "छान आहेत. उजवीकडचा जास्त चांगला आहे."

आणि चहा गार होईल म्हणून सांगून तो अंघोळीला गेला. त्याला हाक मारून परत बोलवावं असं फार वाटलं. पण दोन्हीकडे तेच चित्र आहे हे त्याला सांगायचं, तर मी पुन्हा सापळा लावला होता हेही सांगावं लागलं असतं.